हिंमतभाऊंचं घर पुरं होईना

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टका संपल्या, अक्षता पडल्या, बँड दणाणला. मी डोळे पुसतेय तोच हिंमतभाऊ कानाशी येऊन म्हणाले, "झालं खरं ताई. पण पुरं झालं का?"

"आता काय राहिलं?"

"मांडवाचा उजवा खांब कलतोय. जिलबीला पाक कमी. नवरदेवाचा शेमला गुडघ्यापर्यंत आलाय. स्नॅग आहेत."

स्नॅग म्हणजे इमारत बांधून झाल्यावर राहून गेलेली बारीकसारीक खोट. आमच्या ऑफिसचा शब्द आहे. या गुजराती शहरात परवत पाटियाजवळ खाली साड्यांचं गोदाम आणि वर आम्ही. खाली गठ्ठे बांधले जातात, वर आम्ही विलायतेतल्या बांधकामांची भांडणं सोडवतो. म्हणजे सोडवतात तिकडचे वकील. आम्ही फोटो, नकाशे, ईमेल लावून कोणाचं चुकलं ते मांडून देतो. कुठे मजूर मिळेना म्हणून काम रखडलं, कुठे बिल्डरचं मध्येच दिवाळं वाजलं, कुठे आगीचे कायदे कडक झाल्याने उंच इमारत तयार असूनही दारं तपासल्याशिवाय कोणाला आत जाता येईना. मँचेस्टरात गच्ची गळते आणि घाम आम्हाला फुटतो.

या सगळ्या भांडणांची जननी एकच, काम पूर्ण झालं कधी? काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की उशिराचा दंड थांबतो, मालकाला ताबा मिळतो, आणि पुढे साधारण वर्षभर बिल्डरने खोटी दुरुस्त करायच्या. वर्ष सरलं की शेवटची तपासणी. यात हिंमतभाऊंचा हात धरणारा कोणी नाही. पण हे वेड त्यांनी घरी नेलं, तिथे घोळ झाला.

शहराच्या कडेला भेस्तानला त्यांनी घर बांधलं. रंग झाला, नळाला पाणी आलं, दारावर गणपती बसला. वास्तुशांती मात्र होईना. दर रविवारी भाऊ बॅटरी आणि ओळंबा घेऊन जाणार आणि नवीन खोट काढून येणार. गुजराती गवंडी तर मोकळं करा म्हणून हात जोडू लागला, "साहेब, मने हवे छूटो करो!" रेखावहिनी पलीकडच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भाकऱ्या थापत नव्या ओट्याची स्वप्नं बघत बसल्या.

मी एकदा घर बघायला गेले. अहो, दृष्ट लागेल असं घर! फक्त पुढच्या खोलीत छताला दोन जाडजूड कड्या, आणि त्यांना वाळूची पोती लोंबकळत होती.

"हे काय हो भाऊ? पंखा की पोती?"

"लोडचं काम आहे," एवढंच म्हणून ते दुसऱ्या खोलीत गेले.

वहिनींनी मला ओट्याशी ओढलं. "झोक्याच्या कड्या आहेत त्या. वजन पेलतात का बघताहेत. आक्कांसाठी."

शेवंताआक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. आई लवकर गेली, आक्कांनीच यांना वाढवलं. लग्न झाल्यावर दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी यायच्या, निंबाला झोका बांधून गाणी म्हणायच्या. आमच्या खानदेशात अखाजीला झोका नाही तर सासुरवाशिणीला सण कसला! पुढे भाऊंनी गावचं घर विकून भेस्तानला जागा घेतली. आक्का एकच बोलल्या, "मनं माहेर इकी टाकं तू!" आणि तेव्हापासून अबोला.

आता कळलं मला. घर पुरं झालं आणि तरी बहीण आली नाही, तर? त्यापेक्षा अपुरं बरं. दया आली मला. पण राग त्याहून मोठा आला.

सोमवारी मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. लंडनच्या एका मालकाने दारांच्या मुठींवरून अख्खी इमारत नाकारली होती, त्या भांडणाचा मसुदा भाऊंनीच केला होता. मी मोठ्याने वाचला, "ज्या कामासाठी बांधली त्या कामाला इमारत लायक झाली, तर किरकोळ खोटींपायी ताबा अडवता येत नाही. भाऊ, हे तुम्ही लिहिलंत. तुमचं घर कशासाठी बांधलंत?"

ते हळूच म्हणाले, "आक्काला माहेर म्हणून."

"मग बोलवा की त्यांना!"

"बोलावलं होतं." त्यांनी मोबाइल पुढे केला. मेसेज असा: *घर तपासणीसाठी उपलब्ध आहे. सोयीनुसार यावे. खोटी आढळल्यास कळवाव्यात.*

मी कपाळावर हात मारला. "अहो शहाणे! अखाजीला बहिणीला नोटीस धाडतात का? मुराळी होऊन घ्यायला जायचं असतं भावाने!"

"तिने दार लावून घेतलं तर?"

"तर दारात बसा. भाऊ आहात ना?"

त्याच आठवड्यात ते रजा टाकून आक्कांच्या गावाला गेले. फोन नाही, निरोप नाही. वहिनींचा आणि माझा जीव टांगणीला.

अखाजीच्या सकाळी वहिनींचा फोन आला, "ताई, या लवकर," आणि त्या रडायलाच लागल्या. मी रिक्षाने भेस्तान गाठलं. भाऊ खरंच दारात बसून राहिले होते, आणि आक्का आल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर. कोणाशी न बोलता त्यांनी घरभर फिरून भिंतींवरून हात फिरवला. हिंमतभाऊ मागे मागे, परीक्षेला बसल्यासारखे.

पुढच्या खोलीत झोका टांगलेला होता. आक्का थबकल्या. बसल्या. पायाने जमीन रेटली. कर्र... कर्र... कडी वाजू लागली.

"झोका कुरकुर करस रे, हिंमत," आक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांनी भावाच्या घरात उच्चारलेलं पहिलं वाक्य, आणि त्यातही खोटच काढली! बहीण शोभली.

वहिनी तेलाची बाटली घेऊन धावल्या. भाऊंनी ती मधेच हिसकावली. "राहू दे. खोट दुरुस्त करायला वर्षाची मुदत असते. आक्का, पुढल्या अखाजीला तूच ये तपासायला."

आक्कांनी झोका थांबवला. "लेवाले कोन ई?"

"मीच येसू, मुराळी."

आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा जमीन रेटली. मला तर काही दिसेचना, डोळे भरून आले होते. भाऊ भिंतीला टेकून म्हणाले, "आते पुरं व्हयनं."

कडी कुरकुरतच होती. तेलाची बाटली भाऊंनी खिशात घातली होती आणि वरून हात घट्ट दाबून धरला होता.