अंगठाबहाद्दर

घरात बसून नोकरी करणारा नवरा बायकोच्या लेखी रिकामटेकडाच असतो, हे मी अनुभवाने सांगतो. लॅपटॉपसमोर मी कितीही गंभीर चेहरा करून बसलो तरी स्वप्नाला वाटतं, आता यांच्यापुढे कोथिंबिरीची जुडी ठेवायला हरकत नाही. (मी ती निवडतोही. ऑफिसात कोणाला सांगू नका.)

आमची कंपनी प्लास्टिकचे क्रेट विकते. आमचे हर्षवर्धन सर पुण्यात, सहकारी क्षितिजा नाशकात, मी वसईत आणि बाकीची मंडळी जिथे रेंज येईल तिथे. गोडाऊन मात्र सातिवलीला, म्हणजे दुर्दैवाने माझ्याच घराजवळ. तिथे पत्र्याखाली रोज बसायला एक माणूस हवा होता आणि जवळचा म्हणून माझं नाव पुढे येत होतं. शेवटी सरांनी मला संधी दिली. शुक्रवारी सगळ्या टीमपुढे मी बोलायचं, विषय ‘लांब राहून एकत्र काम कसं करावं’. छाप पडली तर मी टीमचा प्रमुख, तोही घरी बसून. नाही पडली तर प्रमुख क्षितिजा, आणि मी गोडाऊनात.

म्हटलं, लोकांना शिकवण्याआधी घरात करून बघू. इथेच माझी मती फिरली.

घरात आम्ही दोघंच, तरी मी ग्रुप काढला आणि ॲडमिन झालो. (या घरात मला मिळालेलं हे पहिलंच पद.) स्वप्नाला समोर बसवून नियम सांगितले. हाका मारायच्या नाहीत, काम चालू असताना खोलीत यायचं नाही, जे काय असेल ते ग्रुपवर लिहायचं आणि ज्याने वाचलं त्याने अंगठा द्यायचा. एकदा अंगठा पडला की विषय संपला, पुन्हा तोंडी विचारायचं नाही.

“म्हणजे मी ओट्यापाशी उभी राहून तुम्हाला पलीकडच्या खोलीत टाईप करू?” तिने विचारलं.

“जगभर असंच चालतं,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या ‘बरं’ला घाबरायचं असतं हे मला अजून लक्षात राहत नाही.

तेव्हापासून तिने जे लिहायला घेतलं ते थांबेचना. कढीपत्ता संपला. कचरेवाला आला नाही. तुमच्या बनियनला भोक पडलंय, पुसायला घेऊ का. बोंबील आणले, तळू की रस्सा करू. मी तिकडे भाषणाची तयारी करणारा बिझी माणूस, सगळं कुठे वाचत बसू? फोन वाजला की देत होतो अंगठा. घर इतकं शांत झालं की माझाच मला अभिमान वाटायला लागला.

शुक्रवार उजाडला. मी इस्त्रीचा शर्ट घातला (खाली हाफ पँट होती, ती सोडा) आणि बेडरूममध्ये भिंतीला पाठ लावून बसलो. वायफायचा डबा हॉलमध्ये, त्यामुळे दार उघडं ठेवावं लागतं. भाषण झकास सुरू झालं. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यावं, लिहिलेलं नीट वाचावं, न वाचता होकार देऊ नये, असं मी ठासून सांगत होतो. सर मान डोलवत होते.

एवढ्यात दारातून दिसलं की आमच्या हॉलमध्ये एक माणूस चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आत येतोय. त्याच्या काखेत ट्रम्पेट. मागून सॅक्सोफोनवाला, त्याच्यामागून दोघं मिळून भलामोठा ड्रम उचलून आणतायत. सगळ्यात शेवटी तळमजल्यावरच्या उर्सुलाआंटी, हातात सरबताचा ट्रे.

कॅमेरा चालू, बोलायची सोय नाही. मी डोळे वटारले. स्वप्ना दारात आली आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. तिने दोन दिवसांपूर्वी लिहिलं होतं, ‘आंटींच्या शेल्डनचं लग्न आहे, त्यांचं घर पाहुण्यांनी भरलंय, बँडवाल्यांना प्रॅक्टिसला आपला हॉल हवाय. शुक्रवारपासून देऊ का?’ खाली माझा अंगठा. शिवाय, ‘नक्की ना? शुक्रवारी तुमचं भाषण आहे.’ त्याच्याखालीही माझाच अंगठा.

बँडवाले मात्र देवमाणसं. स्वप्नाने माझे नियम त्यांनाही सांगितले असावेत, कारण ते एका रांगेत बसून सरबत पीत माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा म्होरक्या रुडॉल्फ, वसईतल्याच पापडी गावचा. त्याने मला खुणेनेच विचारलं, चालू करू? मी बारीक मान हलवून नाही म्हटलं आणि भाषण कसंबसं शेवटाला आणलं.

“तर मंडळी,” मी म्हणालो, “हजार शब्दांचं काम एक साधी खूण करते,” आणि मोठ्या दिमाखात कॅमेऱ्यापुढे अंगठा वर केला.

रुडॉल्फ याचीच वाट बघत होता.

वसईच्या लग्नाचा बँड तुम्ही मैदानात ऐकला असेल. वन बीएचकेमध्ये ऐकून बघा. पहिल्याच ठोक्याला कपाटावरची बॅग खाली आली. मी म्यूटचं बटण शोधायला गेलो आणि कॅमेरा खाली वळवून बसलो, त्यामुळे माझी हाफ पँट पुण्यापासून नाशिकपर्यंत सगळ्यांनी पाहिली. त्या गोंधळात फोनवर सरांचा एक मेसेज आला. मला वाटलं, आवाज बंद करा म्हणत असतील. दिला अंगठा आणि लॅपटॉप मिटला.

बँड थांबल्यावर स्वप्नाने माझा फोन घेऊन तो मेसेज मोठ्याने वाचला. ‘चंद्रहास, घरून काम करणं तुम्हाला अवघड दिसतंय. टीम क्षितिजाकडे द्यावी आणि तुम्ही सोमवारपासून सातिवलीला बसावं, असं मनात आहे. नको असेल तर मोकळेपणाने सांगा, दुसरा मार्ग काढू.’ खाली माझा अंगठा. त्याखाली सर, ‘इतक्या आनंदाने तयार झालात, बरं वाटलं.’

“आता फोन करून सांगा की चुकून पडला,” स्वप्ना म्हणाली.

सांगणार कसं? न वाचता होकार देऊ नये, हे अर्ध्या तासापूर्वी मीच सांगून बसलो होतो.

आता हे सगळं मी गोडाऊनात, क्रेटवर बसून सांगतोय. घर दिवसभर मोकळं, म्हणून बँड रोज आमच्याकडेच वाजतो. सकाळी निघालो आणि स्वप्नाने ग्रुपवर विचारलं, ‘डबा घेतला ना?’ मी अंगठा दिला. डबा ओट्यावरच राहिलाय. मघाशी तिने लिहिलं, ‘डब्यातले बोंबील वाया जातील, रुडॉल्फला वाढू का?’

हा मेसेज मात्र मी नीट वाचला. पण अंगठा देऊन झाल्यावर.