वाटणीची घूं

मिरजेतल्या आमच्या सोसायटीत विजेच्या तारांतून येणारी घूं सगळ्या बिऱ्हाडांत सारखी वाटून दिलेली आहे. ज्याने त्याने आपल्या स्पीकरमधून आपापला वाटा ऐकायचा. कुणी प्लगला फिल्टर लावून घूं अडवली, तर ती नाहीशी होत नाही, उरलेल्यांकडे जाते. म्हणून फिल्टरला बंदी.

दिवाळीनंतर आमची घूं वाढत गेली. रविवारी मला शिष्यवृत्तीसाठी एक बंदिश गायची होती. ती फक्त बाबांच्या जुन्या कॅसेटवर होती आणि तिचा अंतरा घूंखाली बुडाला होता.

मी अध्यक्ष मगदूम काकांकडे गेले.

“काका, कुणीतरी फिल्टर लावलाय.”

“पुरावा?”

“आमच्याकडे येतेय ना सगळी!”

“अगं शलाका, आयता षड्ज मिळतोय. तंबोरा समज आणि गा. आमच्या वेळी...”

त्यांच्या हॉलमधलं व्हायोलिन इतकं स्वच्छ वाजत होतं, की वादकाचा श्वास ऐकू येत होता. माझी नजर तिकडे वळताच काकांनी दार ओढून घेतलं.

जिन्याने उतरताना मी प्रत्येक दाराशी थांबले. माझी चाहूल लागली की आतला आवाज बारीक व्हायचा. देशिंगकर आजी फटीतून म्हणाल्या, “आमची घूं आत्ताच झोपलीय हो, उठवू नकोस.”

“सगळे चोर आहेत, बाबा!” घरात शिरताच मी म्हणाले.

“असू देत. आपल्या वाट्याचं आपण ऐकायचं.”

“तुम्ही ऐका. मला गायचंय.”

मी बाजारात जाऊन फिल्टर मागितला. दुकानदाराने न विचारताच तो वर्तमानपत्रात गुंडाळला. “तुमच्या सोसायटीतले असाच नेतात,” तो म्हणाला.

फिल्टर लावला आणि अंतरा लख्ख ऐकू आला. संध्याकाळपर्यंत पाठ झाला.

आता सोसायटीत घूंला शिरायला एकही स्पीकर उरला नव्हता. सकाळी बाबांनी चहा मागायला तोंड उघडलं आणि आतून घूं आली. त्यांनी तोंड मिटलं. कॅसेटकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, मिळाला.

शनिवारी सभा झाली. मगदूम काकांनी फळ्यावर लिहिलं, ‘ज्याने फिल्टर लावला असेल त्याने बोलावं.’ सगळी वडीलधारी मंडळी ओठ घट्ट मिटून एकमेकांकडे रोखून बघत होती. कुणी साधं खोकलंही नाही. काकासुद्धा.

मग काकांनी ठराव लिहिला, ‘सोसायटीत कुणीही फिल्टर लावलेला नाही. मान्य असल्यास हात वर करावा.’

सगळ्यांत आधी बाबांचा हात वर गेला.