माझं जरा अडलंय

मुजावर साहेबांना काहीएक येत नाही, याबद्दल दिल्लीजवळच्या मानेसरला आल्यावर महिन्याभरातच माझी खात्री पटली होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटी खात्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा नवाकोरा इंजिनिअर. पण दिवसभर प्रश्न विचारत फिरायचे ते, आणि सगळं येतं असा चेहरा करून बसायचो तो मी.

गेटवर हजेरीचं नवं यंत्र बसलं. पहिल्याच सकाळी साहेब त्याच्यासमोर बोट उगारून उभे. "भैया, मेरा जरा अटका हुआ है. कौनसी उंगली? कितना दबाना है?" गार्डनं मोठ्या आवाजात सगळं समजावलं. मागे नव्या कामगारांची रांग ताटकळत ऐकत होती. मी रांगेच्या शेवटी मान खाली घालून उभा होतो.

हिंदीत 'मेरा अटका हुआ है' आणि माझ्याशी बोलताना 'माझं जरा अडलंय'. हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा तरी यायचं. मशीनवरच्या माणसाला, स्टोअरच्या मॅडमना, फरशी पुसणाऱ्या कमलादेवींनासुद्धा. कमलादेवींना त्यांनी ऑइलचा डाग कशानं निघतो ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

नोकरी लागली तेव्हा साताऱ्याहून आई म्हणाली होती, "साहेब मिरजेचे आहेत ना, मग मला काळजी नाही." आता तिला काय सांगणार? इकडे कँटीनमध्ये मंडळी मला चिडवायची. "शिर्के यार, आपके मराठी साहब को तो कुछ पता ही नहीं!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जणू दिल्लीत सगळ्या महाराष्ट्राची अब्रू माझ्या खांद्यावर होती.

एका रविवारी त्यांच्या जुन्या गाडीचं सामान घ्यायला ते मला करोल बागेत घेऊन गेले. दुकानदाराला म्हणाले, "भाईसाब, ये गॅस्केट करता क्या है?" इंजिनाच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवतात ते हे रबर, या गृहस्थांनी आयुष्यात किती तपासून पास केले असतील, याचा हिशोब नाही! मी शेजारच्या दुकानातले हॉर्न बघायला लागलो. दुकानदाराला मात्र स्फुरण चढलं. त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला, आणि रबर नाकाशी धरून अस्सल कोणतं, नकली कोणतं ते वासावरून ओळखायला शिकवलं. परत येताना मेट्रोत साहेब लहान मुलासारखे खूश होते. "शिर्के, तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "साहेब, पण तो हसत असेल ना मनात."

"हसू दे की. सांगितलं ना त्यानं?"

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

माझ्या नोकरीचा पाचवा महिना चालू होता. सहाव्याला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. त्याच सुमाराला एका नव्या गिऱ्हाइकाची पत्र्याची पट्टी आमच्याकडे आली. तिला एका बाजूला भोक पाडायचं, एवढंच काम. आमच्या पद्धतीत पहिला नग बनला की क्वालिटीवाला तो ड्रॉइंगशी ताडून बघतो आणि सही करतो. सही झाली की मशीन सुटतं.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटी खूण होती. आडवा पडलेला ग्लास आणि त्याच्याशेजारी दोन गोल. वस्तूची बाजू कोणत्या पद्धतीनं काढली आहे, ते ही खूण सांगते. ती चुकीची वाचली तर डावं उजवीकडे जातं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हे शिकवलेलं असतं, आणि मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता मी कागद उलटा धरला, सुलटा धरला, मान वाकडी करून पाहिलं. टेबलाखाली मोबाइल धरून शोधलं, तर डोक्यात आणखी गोंधळ झाला. शेजारी टूलरूमचे यादवजी बसले होते. त्यांना विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण पहिल्या वर्षाची गोष्ट कशी विचारायची? कायम व्हायचं होतं ना मला! आमची सगळी ड्रॉइंग्ज जशी असतात तसंच हेही असणार, असं मनाशी म्हणालो आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी नेमकं तेच ड्रॉइंग टेबलावर पसरलं. "यादवजी, मेरा जरा अटका हुआ है. ये कोने में गिलास जैसा क्या बना है?"

सगळे फिस्सकन हसले. यादवजी म्हणाले, "सर, ये तो फर्स्ट इयर की चीज है!" पण सांगितलं त्यांनी. हे गिऱ्हाईक आपल्यापेक्षा उलट्या पद्धतीनं काढतं, म्हणून दोन गोल डावीकडे आहेत, वगैरे. पुढचं मला ऐकू आलं नाही. माझे कान तापले होते. मीटिंग सुटताच मी अक्षरशः पळत गेलो आणि मशीन थांबवलं. सकाळपासून दोन ट्रे पट्ट्यांना उलट्या बाजूला भोक पडलं होतं. दुपारपर्यंत ट्रक भरला असता.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते फक्त म्हणाले, "दोनच ट्रे ना? लाल चिठ्ठी लाव आणि बाजूला ठेव. बरं झालं, मलाही कळलं ते गिलासाचं." मी त्यांच्या केबिनबाहेर आलो तेव्हा मनात चक्क असं आलं, की साहेबांच्या अडाणीपणामुळे वाचलो.

मी कायम झालो. त्यानंतर एकदा जुन्या कपाटात फाइल शोधताना मला पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा मिळाला. नव्या माणसांना ड्रॉइंग शिकवायची टिपणं. तिसऱ्या पानावर तोच आडवा ग्लास, सगळ्या बाजूंनी सुरेख काढलेला, खाली बारीक अक्षरात समजावून सांगितलेलं. शेवटी सही, ब. अ. मुजावर. त्यांच्या केबिनच्या काचेतून माझं टेबल सरळ दिसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी कँटीनमध्ये ते बसची वाट बघत एकटेच चहा घेत होते. मी कागद समोर ठेवला. "साहेब, तुम्हाला येत होतं."

त्यांनी कागदावरून बोट फिरवलं.

"माझी नसीम आठवीत होती," ते म्हणाले. "भूमिती घेऊन यायची माझ्याकडे. मी तेव्हा फरीदाबादच्या कारखान्यात होतो, हुशार म्हणून नाव होतं. मी म्हणायचो, एवढंही येत नाही? इंजिनिअरची मुलगी ना तू? हळूहळू तिनं यायचं बंद केलं. मला वाटलं, यायला लागलं तिला." चहाचा घोट घेतला. "पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं. ते लग्न मोडलं. मला आठ महिन्यांनी चुलत भावाकडून कळलं. मी विचारलं, बेटा, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, अब्बा, तुम्हाला काही विचारायची सवयच गेली."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"तेव्हापासून आपणच आधी विचारायचं, असं ठरवलं. दुसऱ्याला लाज वाटायच्या आत. तिलाही दर रविवारी फोन करून विचारतो. मोबाइलमध्ये हे कसं करायचं, ते कसं करायचं. छान सांगते. तिनं मात्र अजून काही विचारलेलं नाही." मग हसले. "आणि इथं गंमत बघ. मला काही येतच नाही म्हटल्यावर इथंही कुणी विचारायला येत नाही."

ते हसणं मला बघवेना. इतके महिने या माणसाची मला लाज वाटत होती, याचीच मला आता लाज वाटली. मग जे खरं होतं तेच बोललो. "साहेब, त्या दिवशी मी मशीन थांबवलं, पण मला ते गिलासाचं अजूनही नीट कळलेलं नाही."

साहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, कागदी कप टेबलावर आडवा ठेवला आणि खिशातून पेन्सिल काढली. "इकडे ये, माझ्या बाजूला बस. तिकडून नाही कळायचं."

त्यांनी कप फिरवून दाखवला, कागदावर काढून दाखवला. डावीकडून बघ, काय दिसतं? ते कुठे मांडायचं? हात भराभर चालत होता. बाहेर बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं दारातून हाक मारली, "मुजावर साब, चलना है?" त्यांनी मान वर न करता हातानंच जायला सांगितलं.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

कळलं होतं. अगदी लख्ख कळलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणालो, "परत एकदा सांगा ना."