कडी काढल्याचा शंभर टक्के आनंद

माणसाला काय हवंय हे त्याला दिवसातून पुरेशा वेळा विचारलं, की ते देण्याची गरज आपोआप कमी होत जाते. जुन्या काळच्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. ते बिचारे विचारतच नसत, आणि मग संप होत.

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर असलेली 'भेटघर' ही कंपनी या अज्ञानातून गेल्या वर्षी बाहेर पडली. भेटघरात मोठमोठ्या ऑफिसांसाठी गिफ्ट बॉक्स भरतात. एक पणती, एक सुगंधी मेणबत्ती, चार बदाम (पाच गेल्यास लेखी खुलासा) आणि शुभेच्छांचं कार्ड. हे भरायला एकोणीस बायका आहेत. एकोणीस बायकांना एक बाथरूम आहे. बाथरूमला दार आहे. दाराला कडी नाही.

म्हणजे होती. ती गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी निखळून पडली. तेव्हापासून अशी पद्धत पडली, की एक आत जाते आणि दुसरी दाराला पाठ लावून बाहेर उभी राहते. याला पहारा म्हणतात. पहाऱ्यावरच्या बाईचे बॉक्स तेवढा वेळ मागे पडतात, पण कोणी बोलून दाखवत नाही. तोंडावर तरी नाही.

बाकीच्यांचं यात कसंबसं निभत होतं. टेप लावायच्या टेबलावरच्या नलिनीचं निभत नव्हतं. मे महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप चढला. डॉक्टर मॅडमनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला बजावलं. "परत झालं तर किडनीपर्यंत जाईल, सांगून ठेवते." आता तीन लिटर पाणी म्हणजे आठ फेऱ्या, आणि आठ फेऱ्या म्हणजे आठ वेळा कोणाच्या तरी टेबलापाशी जाऊन "चल ना गं" म्हणायचं. नलिनीला तिसऱ्यांदाच लाज वाटायला लागायची. त्यामुळे ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फक्त अर्धा ग्लास पाणी प्यायची, तेसुद्धा गोळी गिळायला. तिला कंपनीकडून पगारवाढ नको होती, बढती नको होती. कडी हवी होती.

नेमकं अशाच वेळी कंपनीने 'सतत अभिप्राय योजना' आणली, हे नलिनीचं नशीबच म्हणायचं.

योजनेबरोबर प्रांजल आला. वय सव्वीस, राहायला अंधेरी, हुद्दा 'आनंद व सहभाग प्रमुख'. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आपल्याकडे कोणी सर-बिर नाही हां. मला नुसतं प्रांजल म्हणायचं."

"बरं, सर," नलिनी म्हणाली.

प्रांजलने भिंतीवर एक टॅब लावला. त्यावर पाच चेहरे होते, लाल रडक्यापासून हिरव्या हसऱ्यापर्यंत. दर तासाला घंटा वाजे आणि प्रत्येकीने 'आत्ता कसं वाटतंय?' या प्रश्नाला चेहरा दाबायचा. (टॅब बाथरूमच्या दाराशेजारी होता, कारण रिकामा प्लग तिथेच होता.) शिवाय प्रत्येकीच्या गळ्यात एक कार्ड आलं. कोण कोणाबरोबर किती वेळ असतं हे ते मोजायचं. यावरून कंपनीचा 'सोबत गुणांक' निघे.

पहिल्या महिन्यात ३,६४८ चेहरे दाबले गेले. त्यातला लाल दाबला की अकरा प्रश्न उघडत: असं का वाटतं, कधीपासून वाटतं, असं वाटण्यात तुमचा स्वतःचा वाटा किती टक्के, वगैरे. तोवर सहा बॉक्स मागे. सगळ्यांत जुन्या सुंदराबाईंनी तिसऱ्याच दिवशी शोध लावला, की हिरवा दाबला तर मशीन 'धन्यवाद' म्हणून गप्प बसतं. "हिरवं दाबा नि सुटा," त्यांनी जाहीर केलं. व्यवस्थापनाच्या इतक्या सूचनांपैकी ही एकच सर्वांनी तंतोतंत पाळली.

लाल दाबायची फक्त नलिनी. तिने एकसष्ट वेळा 'कडी बसवा' असं लिहिलं. पहिल्यांदा तिला आभाराचा निरोप आला. दहाव्यांदा, 'तुमची भावना पोचली' असा. तिसाव्यांदा तिची नोंद 'एकाच विचारात अडकलेली' अशी झाली आणि तिला मन शांत ठेवण्याचा व्हिडिओ पाठवण्यात आला. (त्यात भरपूर पाणी पिण्याचा सल्ला होता.) साठाव्या वेळी तिला 'बोलकी कर्मचारी' म्हणून बिल्ला मिळाला. एकसष्टाव्या वेळी प्रांजल स्वतः टेबलापाशी आला.

"नलिनीताई, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी खूप मोलाचा आहे."

"मग कडी?"

"कडीबद्दल तुम्हाला जे वाटतं ना, ते मोलाचं आहे."

"वाटून काय करू, सर? दार लागत नाही."

"बरोबर. तर दार न लागणं तुम्हाला एक ते दहामध्ये किती त्रासदायक वाटतं?"

शेजारच्या टेबलावरून शीतल म्हणाली, "सर, तुम्ही एकदा आत जाऊन बसा ना. मी बाहेर थांबत नाही. मग सांगा एक ते दहामध्ये."

प्रांजलने लिहून घेतलं: 'शीतल, नवीन प्रयोगांबद्दल उत्साही.'

सप्टेंबरात निकाल लागला. ही योजना मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत बेचाळीस कंपन्यांत चालू होती, आणि सोबत गुणांकात भेटघर पहिलं आलं. चौऱ्याण्णव टक्के. इथल्या बायका दिवसातून कित्येकदा काम बाजूला ठेवून जोडीजोडीने कुठेतरी जातात, थोडा वेळ एकत्र घालवतात आणि ताज्यातवान्या होऊन परततात, असं कार्डांनी सिद्ध केलं होतं. मालक राजेश सरांनी ढाल स्वीकारली. घाटकोपरच्या एका कंपनीचं पथक अभ्यासाला येऊन गेलं आणि परत जाऊन त्यांनी, प्रायोगिक तत्त्वावर, आपल्या दोन बाथरूमच्या कड्या काढल्या.

इकडे नलिनीची जळजळ परत सुरू झाली होती. मग एका सोमवारी ती भांडुपच्या हार्डवेअरवाल्याकडून कडी, चार स्क्रू आणि घरचा पेचकस घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत शीतलने मोबाइलचा टॉर्च धरला आणि नलिनीने अकरा मिनिटांत कडी बसवली. (परवानगी घेतली नाही, कारण कडीच्या परवानगीचा फॉर्म नव्हता.)

त्या दिवशी नलिनी दीड बाटली पाणी प्यायली. आत गेली, कडी लावली आणि पाडव्यानंतर पहिल्यांदा कंपनीत दोन मिनिटं एकटी बसली. एकदम झकास वाटलं. बाहेर येऊन तिने हिरवा चेहरा दाबला, आणि मनापासून दाबला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी सोबत गुणांक एकतीसवर आला. 'नलिनी: नऊ वेळा एकटी गेली, एकाकीपणाची शक्यता' असा लाल इशारा बघून प्रांजलला घाम फुटला. शुक्रवारी सकाळी राजेश सरांनी सगळ्यांना उभं केलं.

"मी हुकूमशहा नाही," ते म्हणाले. "कडी ठेवायची की काढायची, तुम्हीच ठरवा. तीनच्या घंटेला मत घेऊ. मत निःपक्षपाती व्हावं म्हणून अडीचला कडी काढून ठेवू."

जेवणाच्या सुट्टीत नलिनी प्रत्येकीच्या डब्यापाशी गेली. "आज लाल दाबायचं हं, तरच कडी राहील. अकरा प्रश्न आले तर येऊ देत. माझी तब्येत आहे गं."

"दाबणार, दाबणार," सुंदराबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेची शपथ."

"सुनेची कशाला? लेकाची घ्या ना," शीतल म्हणाली.

"लेक एकुलता आहे माझा."

तीनला घंटा वाजली. तेव्हाच खाली अंधेरीच्या ऑर्डरचा टेम्पो हॉर्न मारत होता आणि चारशे बॉक्स चढायचे होते. टॅबवर प्रश्न आला: 'कडी काढल्यामुळे तुम्हाला कसं वाटतंय?' बायका काखोटीला बॉक्स मारून आल्या, अंगठा टेकवला आणि पळाल्या.

एकोणीस मतं. एकोणीस हिरवी.

"ताई, तू पण?" शीतलने विचारलं.

नलिनी आपल्या अंगठ्याकडे बघत होती. "चार दिवसांची सवय गं. आपसूक गेला."

"माझा तर कधीचा गेलाय," सुंदराबाई म्हणाल्या आणि बॉक्स घेऊन जिन्याकडे वळल्या.

प्रांजलने अहवालात 'कडी काढल्याबद्दल शंभर टक्के आनंद' असं लिहिलं. कडी आणि चार स्क्रू एका पाकिटात घालून, सही घेऊन, नलिनीला परत देण्यात आले. तिने भरलेली पाण्याची बाटली तशीच पिशवीत ठेवली आणि टेप हातात घेतली.

यावर काही वाचक म्हणतील, कमाल आहे या बायकांची, साधं एक बटण नीट दाबता येत नाही. अगदी रास्त आहे. अशा वाचकांनी एवढंच आठवून पाहावं, की आज सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्यांनी "काय, कसं काय?" विचारलं, तेव्हा आपण काय म्हणालो.

"मजेत" म्हणालात. तशी नोंद आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत काही करण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही.