सिद्रामचा माणूस

आमच्या घरासमोरच्या टॉवेलच्या दुकानात शिरायचं असेल, तर आधी डावीकडे निघालोय असं भासवून चटकन उजवीकडून आत घुसावं लागतं. सरळ गेलात, तर दारात उभा असलेला मालक तुम्हाला आत जाऊ देत नाही. तो हे मुद्दाम करत नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याचे गुडघे आपोआप वाकतात, हात अंगापासून सुटे होतात आणि गिऱ्हाईक ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला तोही सरकतो. मग आतून त्याची बायको महादेवी ओरडते, "अवो, सरका की! गिऱ्हाईक हाय त्ये!" तो दचकतो, कडेला होतो आणि ओशाळं हसून म्हणतो, "या की, या. सवय हाय."

मिहिर, सई, परवा फोनवर तुम्ही दोघांनी हसत हसत विचारलंत, "आजी, तुला फुटबॉलमधलं काही कळतं का गं?" तुम्ही तिकडे मोठाल्या स्टेडियममध्ये बसून सामने बघता. मला तो खेळ अजूनही फारसा कळत नाही, पण एक खेळाडू मात्र मी जवळून बघितला आहे. त्याच्याबद्दल लिहिते. घाईने वाचू नका.

त्याचं नाव सिद्राम. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्याला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'कॅप्टन' म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो आमच्या पेठेच्या क्लबात बचावाला खेळत आला. मान आखूड, मांड्या उखळासारख्या, नाक एकदा डावीकडे मोडलेलं आणि पुढे कधीतरी उजवीकडे मोडून जवळजवळ सरळ झालेलं. आता तो आजोबा झाला आहे, पोरांच्या सामन्यात उतरत नाही, पण क्लबाचा कॅप्टन अजून तोच. दरवर्षी नवा कॅप्टन निवडायला बैठक भरते. सिद्राम उठून म्हणतो, "ज्येला व्हायचंय त्येनं व्हा. माजं काय न्हाय. फकस्त मैदानावर फक्कीच्या रेगा मारायला पहाटं यावं लागतंय, जाळी शिवावी लागतीया, आन् समद्यांचे कपडे धुवावे लागत्यात." सगळी तरुण मंडळी जमिनीकडे बघू लागतात आणि बैठक संपते.

कपडे अर्थात महादेवी धुते. क्लबाचा रंग लाल. एकदा तिने घाईत ते लाल सदरे दुकानातल्या पांढऱ्या टॉवेलांबरोबर भिजवले. त्या उन्हाळ्यात अर्धी पेठ गुलाबी टॉवेलने अंग पुसत होती. आमच्याकडेही दोन होते. तुमचे आजोबा ते वापरायला शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

सिद्रामने आयुष्यात एकही गोल केलेला नाही, आणि त्याला त्याची खंतही नाही. गोल करणाऱ्यांकडे तो जरा उडाणटप्पू माणसांकडे बघावं तसं बघतो. "काकू, गोल मारनं म्हंजे हौस," तो मला सांगतो. "गोल वाचवनं म्हंजे संसार."

त्याचा मंत्र एकच. "बॉल बघू नका, मानूस धरा!" बॉल फसवतो, माणूस फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. हा मंत्र तो मैदानापुरता ठेवत नाही. मुलीच्या लग्नात तो सकाळपासून जावयाच्या खांद्याला खांदा लावून उभा. जावई फोटोला गेला की हा फोटोत. जावई हात धुवायला गेला की हा नळावर. शेवटी तो बिचारा मुलगा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "आजी, मामांना माझा काही संशय आहे का?" मी सिद्रामला विचारलं, तर म्हणाला, "संशय कशाचा? चांगला मानूस हाय म्हनून तर धरलाय. फालतू मानसाला कोन धरतंय?"

तरुणपणी त्याला पुण्याच्या एका मोठ्या क्लबाने बोलावलं होतं. नोकरी देणार होते, राहायला खोली देणार होते. पेठेने हार घालून त्याला एसटीत बसवलं. गाडी टेंभुर्णीला थांबली. हा उतरला, चहा प्याला, रस्ता ओलांडला आणि समोरून येणाऱ्या सोलापूरच्या गाडीत बसून परत आला. सकाळचे हार सुकायच्या आत कॅप्टन पुन्हा दारात हजर! अजूनही पेठेत कुणी मोठ्या बाता मारून निघालं की लोक विचारतात, "कुटंपर्यंत? टेंभुर्णीपर्यंत का?" परत का आलास, असं विचारलं की सिद्राम चहाला नावं ठेवतो.

मला खरं कारण पुष्कळ वर्षांनी महादेवीने सांगितलं. "तितं म्हनं रफीक नव्हता."

रफीक तुम्हाला माहीत आहे. म्हणजे त्याची खारी तुम्ही खाल्लेली आहे. इथे सुट्टीला आलात की डबा भरून जी खारी घरी यायची, ती विजापूर वेशीतल्या त्याच्या बेकरीची. पण शहराला तो माहीत आहे तो विजापूर वेशीच्या संघाचा फॉरवर्ड म्हणून. सडपातळ, देखणा, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि पळताना असा दिसायचा की बायकाही घटकाभर काम टाकून बघत. पेठ विरुद्ध वेस असा सामना असला की रफीकला अडवायचं काम सिद्रामचं. वर्षानुवर्षं त्याचंच. सिद्राम त्याचा उल्लेख 'माजा मानूस' असा करतो. "माजा मानूस आज डाव्या पायानं खेळनार, नवीन बूट चावलाय त्येला." "माज्या मानसाचं घरी भांडन झालंय, आज लई पळंल."

मैदानाबाहेर मात्र दोघे एकमेकांशी धड बोलत नसत. रस्त्यात समोरासमोर आले तर रफीक म्हणायचा, "क्या रे, हितं बी मेरे पीछे?" आणि सिद्राम म्हणायचा, "तुज्या मागं न्हाय, तुज्या आडवा." झालं संभाषण.

रमजानात सामना पडला तर मध्यंतरात सिद्राम पाणी पीत नसे. सोलापूरच्या उन्हात, जीभ टाळ्याला चिकटलेली असताना! मी एकदा त्याचं कौतुक केलं, तर तो चिडला. "कौतुक कशाचं, काकू? त्येच्या देखत पानी पिलो की त्येचं टाळकं सरकतंय. टाळकं सरकलं की त्यो गोल मारतोय. माजं मला बघाया नको?"

म्हातारपणी दोघे रविवारच्या सामन्यात खेळायचे. जुने खेळाडू जमत, निम्मा वेळ पळत आणि निम्मा वेळ गुडघ्यांबद्दल बोलत. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारनंतर रफीकला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आता रोज चालला तर पाय परत येईल, खुर्चीत बसून राहिला तर मग खुर्चीच. आणि रफीक खुर्चीत बसला. त्याची बायको शबाना हात जोडायची, रडायची. तो भिंतीकडे बघायचा.

सगळं सोलापूर त्याला भेटून आलं. सिद्राम गेला नाही.

त्या दिवसांत मी एकदा नॅपकिन आणायला समोर गेले. सवयीने डावीकडे झुकले, तर अडवायला कुणीच नव्हतं. सिद्राम दारातच होता, पण भिंतीला टेकून, हात खाली सोडून. माझ्यामागून आणखी दोन गिऱ्हाइकं सरळ आत आली. महादेवी टॉवेलांच्या घड्या घालत होती आणि तिचे डोळे भरले होते. "विक्री वाढलीया, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "कुनालाच आडवंना झाल्यात. मला ह्ये बघवंना."

"रफीकला भेटायला का जात नाही तो?" मी विचारलं.

"जातो म्हनत्यात आन् कोपऱ्यावरनं माघारी येत्यात."

मी त्याच संध्याकाळी रफीककडे जाणार होते. महादेवीने नवऱ्याला रिक्षात जवळजवळ ढकललं. "काकूंची पिशवी धरा," ती म्हणाली. पिशवीत काही नव्हतं, एक छत्री होती.

रफीकच्या घरी अंगण आहे, अंगणात लिंबाचं झाड आहे. अंगणातली स्टुलं, बादल्या, कुंड्या, सगळं शबानाने भिंतीला लावून ठेवलं होतं, त्याचा पाय अडखळू नये म्हणून. आलेली माणसं हळू बोलत होती. रफीक खुर्चीत होता. त्याने सिद्रामकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. माझी पिशवी पोटाशी धरून सिद्राम दाराशी उभा राहिला.

थोड्या वेळाने शबानाने रफीकला आत न्यायला उठवलं. एका हातात काठी, दुसरीकडे ती. बसलेले सगळे भराभर उठून बाजूला झाले. वाट मोकळी झाली. आणि सिद्रामने माझी पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन त्या वाटेच्या मधोमध उभा राहिला, गुडघे वाकवले आणि हात पसरले.

"सिद्राम, बाजूला हो," मी म्हणाले. त्याला ऐकूच गेलं नाही.

"ह... हट," रफीक म्हणाला.

"न्हाय हटत."

"हट... बोल्या ना."

"हिकडनं जा, न्हायतर तिकडनं जा. मोटा फॉरवर्ड म्हनवून घेतोस नव्हं? जा की."

"क्या तो बी, भाईजान!" शबाना कळवळून म्हणाली. "बीमार आदमी है!"

रफीकचा चेहरा लाल झाला. तो चांगल्या बाजूला झुकला. सिद्राम तिकडे सरकला. तेवढ्यात रफीकने शबानाचा हात सोडला आणि उजवा पाय, तोच मेलेला पाय, दुसऱ्या बाजूला टाकला. फरपटत का होईना, पण आपला आपण टाकला. सिद्राम तिथेही आडवा आला आणि त्याला छातीवर थोपवून धरलं. मग रफीकने त्याला एक लांबलचक शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही. पण मुलांनो, त्या शिवीत तो एकाही शब्दाला अडखळला नाही. शबाना ओढणी तोंडाशी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सिद्राम रोज संध्याकाळी दुकान महादेवीवर टाकून विजापूर वेशीत जाऊ लागला. आधी नुसता अडवायचा. पुढे एक रबरी चेंडू नेला. रफीकने काठी टेकत चेंडू पायाने ढकलत लिंबापर्यंत न्यायचा, आणि सिद्रामने तो काढून घ्यायचा. आणि तो घ्यायचाच, रोज. कधी म्हणून एकदाही त्याने चेंडू लिंबापर्यंत जाऊ दिला नाही. रफीक शिव्या द्यायचा, काठी आपटायचा, "कल देखता तेरेकू" म्हणायचा. पण लिंबापर्यंत काही पोचत नव्हता, आणि मग एक दिवस त्याने काठी फेकून दिली आणि परत खुर्चीत बसला. "नक्को," म्हणाला. "बस हो गया."

शबानाने मला फोन केला. "काकू, तुम्ही बोला ना भाईजानना. एकदा, फक्त एकदा ह्यांना जाऊ द्या म्हणावं. ह्यांची उमेद मोडली तर उठायचेच नाहीत हे."

मला ते पटलं. मी समोर गेले आणि सिद्रामला म्हणाले, "अरे, म्हातारा माणूस, आजारी माणूस. एकदा सोड की त्याला. कुणाला कळणार आहे?"

"त्येला कळंल की," तो म्हणाला.

त्याने काउंटरवरच्या टॉवेलची कडा हाताने सरळ केली. मग म्हणाला, "काकू, फॉरवर्डाला कवा कळतं आपन संपलो म्हनून? गोल हुकला की न्हाय. त्येच्या अंगावर मानूस येत न्हाय तवा. बॉल घिऊन उभा ऱ्हातो आन् आजूबाजूला कोन न्हाय. समदे म्हनत्यात, आसू दे त्येला, त्यो काय करनार हाय. आता बगा, त्येच्या घरात समदे वाट मोकळी करत्यात. मी बी केली तर मंग ऱ्हायलं काय?" मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आन् त्यो बसूनच ऱ्हायला, तर मी कुनाला धरू?"

नॅपकिन घ्यायला आले नव्हते, तरी दोन घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेमकं नळाला पाणी आलं. तुम्हाला माहीत आहे, सोलापुरात पाणी आलं की जगातली बाकी सगळी कामं थांबतात. महादेवीने सिद्रामला पिंपं भरायला लावलं. तो बादल्या उचलत होता आणि दर बादलीला म्हणत होता, "त्यो वाट बघत आसंल." महादेवी म्हणाली, "त्यो खुर्चीत बसलाय म्हनं, वाट कशाला बघतोय?" तरी तो थांबेना. मी शबानासाठी शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या, म्हणून मीही त्याच्याबरोबर निघाले. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

रिक्षा गल्लीत शिरली, तेव्हा गल्लीच्या निम्म्यावर एक माणूस उभा होता. उजवा खांदा भिंतीला टेकलेला, डाव्या हातात काठी, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. घराचं फाटक पार मागे उघडं पडलं होतं, आणि फाटकात शबाना आपलाच हात धरून उभी होती, पुढे यायचा धीर होत नसल्यासारखी. रफीक एकटाच इथवर आला होता.

सिद्राम रिक्षा थांबायच्या आत उतरला.

"कां मर गया था रे?" रफीक लांबूनच ओरडला. "कब से रुक्या मैं! डर गया क्या?"

सिद्राम जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने उजवा हात सरळ वर केला, पंचाकडे दाद मागतात तसा, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ऑफसाइड! ऑफसाइड! किती फुडं आलाय बघा ह्यो!"

रफीक भिंतीला टेकून हसू लागला. सिद्रामचा हात वरच होता. तोंड मात्र त्याने दुसऱ्या भिंतीकडे फिरवलं होतं, आणि त्याचे खांदे हलत होते.