जाऊन आलेले बिराजदारकाका

गेल्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी भर दुपारी दाराची बेल वाजली. उघडून बघते तर बिराजदारकाका. घामानं निथळलेले, पँटीवर ग्रीसचा डाग, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत फुलाफुलांच्या कागदात बांधलेली एक चिमुकली पुडी. पुडीचे कोपरे इतके कडक दुमडलेले, की हा माणूस आमच्या मुलीचा साखरपुडा ठरवायला आलाय असं क्षणभर वाटलं. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

"जाऊन आलो ओ," काका म्हणाले.

"कुठे?"

"अम्गऱ्याला."

अम्गरा म्हणजे कुवेतमधलं भंगाराचं माहेरघर. मोडक्या गाड्यांचे डोंगर, वर्कशॉप, सळया, विटा. तिथे कुणी हौसेनं जात नाही. काका आपल्या जुन्या गाडीचा आरसा शोधायला गेले होते. तो काही मिळाला नाही. पण पुडीत पितळेचा एक नट होता, पुसून लख्ख केलेला. बोल्ट नाही, नुसता नट. आणि हा मान एकट्या आमचा नव्हता. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराला अम्गऱ्याहून एकेक नट आला होता, वेगवेगळ्या कागदात.

"काका, याचं मी काय करू?"

"काय करायचं हे तुमचं तुम्ही बगा. ज्या गावाला जावं, तिथलं कायतरी आणावं. अम्गऱ्यात दुसरं काय मिळतंय? आन तिथलंच पायजे बरं का. खाली बकाल्यात, वाण्याकडं मिळणारं दिलं, तर गेलो कशाला म्हणायचं?"

मी पुडी घेतली. काका तरीही दारात उभेच. आम्ही खैतानच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिले काही महिने मला या उभं राहण्याचा अर्थ कळला नव्हता. चहा हवा असेल म्हणून मी चहा विचारायची. चहा नको असायचा. एकदा माझा नवरा मंदार सहज म्हणाला, "आलात का काका?" तशी काकांची स्वारी एकदम खूश झाली आणि जिना चढून गेली. तेव्हापासून मी त्यांच्याच लातूरकडच्या बोलीत म्हणते, "आलाव का?" ते म्हणतात, "आलो की ओ." एवढं झालं, की काका पुढच्या दाराकडे वळतात.

आमच्या इजिप्शियन हारिसनं, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या अबू हसननं, तो नट नाकासमोर धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "लेह?" लेह म्हणजे 'का?' प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र जपानात होतं.

काका मूळचे औशाचे, लातूरजवळचे. व्हॉल्व्ह हा त्यांचा विषय. तरुणपणी एका जपानी कारखान्यानं त्यांना उचललं आणि आठ-नऊ वर्षं तिकडे ठेवून घेतलं. मग कुवेत, अहमदीतल्या तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे. जपान सोडून त्यांना कित्येक वर्षं झाली, पण जपाननं त्यांना सोडलेलं नाही.

तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना कामासाठी दुसऱ्या शहरी पाठवलं. काम झालं. परतीच्या स्टेशनावर बघतात तर कंपनीतले सगळे जपानी साहेब मिठाईच्या दुकानासमोर रांगेत. प्रत्येक स्टेशनाची मिठाई वेगळी. खोक्यावर आत किती नग आहेत ते लिहिलेलं, म्हणजे ऑफिसात जितकी माणसं तितक्याचं खोकं घ्यायचं. आत प्रत्येक नग स्वतंत्र कागदात. याला म्हणायचं ओमियागे. कुठेही जाऊन या, मागे राहिलेल्यांसाठी तिथलं काहीतरी आणायचंच.

"मला काय ठावं? मी आपला मोकळ्या हातानं गाडीत बसलो," काका सांगतात. "तर शेजारच्यानं दोन खोकी घेतलेली. उतरताना एक माझ्या हातात दिलं. बोलला काय न्हाई. माझं नाक राहावं म्हणून माझ्या नावानं घेतलेलं! असल्या माणसाला काय म्हणावं ओ तुम्ही?"

मी पुण्याची. दुकानदारानं मान वर करून बघितलं तरी मला भरून येतं. त्यामुळे काकांच्या जपानातल्या दुकानदारांच्या गोष्टी मी आ वासून ऐकते. कागदी पिशवीत सामान घेतलं आणि बाहेर पाऊस असला, तर विक्रेती पिशवीवर प्लॅस्टिकचं झबलं चढवते. दहा जणांना वाटायचं असेल तर दहा छोट्या पिशव्या घडी करून आत टाकते. मग काउंटरच्या मागून बाहेर येते, दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत सोडायला येते, दोन्ही हातांनी पिशवी देते आणि आपण वळणावर दिसेनासे होईपर्यंत वाकून उभी राहते. काका म्हणतात, सुरुवातीला त्यांना वाटायचं आपलं पाकीट राहिलंय म्हणून ती थांबलीये. ते परत जायचे. ती पुन्हा वाकायची.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे केकचं दुकान. तिथे केक बांधताना विचारतात, "घरी पोचायला किती वेळ लागेल?" आपण सांगू तितक्या वेळाला पुरेल एवढा सुका बर्फ खोक्यात घालतात.

"इचार करा," काका बोट वर करतात. "पैशे घेतले, केक दिला, तिचं काम झालं. पण मी घरी पोचस्तोवर त्या पोरीचा जीव केकात! घरी पोचायला किती वेळ लागंल म्हणे!" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी कापतो. मी ही गोष्ट अगणित वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी माझ्याही अंगावर काटा येतो.

तर हा माणूस हे सगळं घेऊन कुवेतमध्ये आला. आता कुवेत ते केवढं! सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणापर्यंत देश संपतो. इथे गावाला जाणं असं काही नसतंच. पण काकांनी या देशाची गावं पाडली. वफ्राला शेतं आहेत, तिथून प्रत्येक घराला एक काकडी. फाहाहीलहून एकेक पापलेट, आणि पापलेट कागदात गुंडाळून त्याचे कोपरे दुमडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. अहमदीला तर काका रोज कामाला जात, पण वर्षातून एकदा जाहीर करून 'अहमदीला फिरायला' जायचे आणि तिथल्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यावरून गळलेली कडुनिंबाची पानं गोळा करून आणायचे. वाळवंटातलं हिरवं पान म्हणून. आमच्या लेकीकडे त्या पानांचा मोठा साठा आहे. "आई, काका इज लाइक सँटा, बट रँडम," असं तिचं मत आहे, आणि मला त्यात दुरुस्ती सुचत नाही.

एकदा काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं ते काळा चष्मा लावून दारोदार साबणाच्या वड्या वाटत फिरले. तळमजल्यावरची अन्नम्मा केरळची नर्स, फटकळ बाई. तिनं साबण घेतला, स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पाहिला आणि कडाडली, "अंकल, मेरे को साबुन काय को?" काकांनी तिला हिंदीत समजावलं, की जपानात आजारातून उठलेला माणूस भेटायला आलेल्यांना वस्तू देतो, आणि ती वस्तू वापरून संपणारी हवी. म्हणजे आजारपण कुणाच्या घरात मागे उरत नाही. अन्नम्मा रोज ड्युटीवर आजारीच माणसं बघते. तिनं ती वडी पदरानं पुसून देवाच्या फोटोपाशी ठेवली. काका म्हणाले, "अहो ठेवू नका, संपवा, संपवा!"

या वर्षी काकांची नोकरी संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. इथलं गणित सरळ आहे. नोकरी संपली की इकामा संपतो, आणि इकामा संपला की राहायचा हक्क संपतो. मग कितीही वर्षं काढलेली असोत, बॅग भरायची. काकांनी लातूरला फ्लॅट घेऊन ठेवला होता. त्यात अजून कुणी राहिलेलं नव्हतं. मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी सुलभाकाकू आम्ही इथे येण्याच्या आदल्या वर्षी, याच बिल्डिंगमधल्या वरच्या घरात वारल्या होत्या.

लातूरचा विषय काढला, की काका म्हणायचे, "बघू की." आणि फिरणं मात्र वाढलं. अम्गरा झाला, मग जहरा, मग कुठलंसं मासळी बंदर. एकाच आठवड्यात दोन-दोन पुड्या येऊ लागल्या. अबू हसनच्या खोलीतली फळी नट, शिंपले आणि वाळलेल्या काकड्यांनी भरून गेली. त्यानं 'लेह' विचारणं केव्हाच सोडलं होतं. मंदार म्हणाला, "काका इथून जायच्या आत सगळं कुवेत घरोघर वाटून टाकणार बहुतेक." आम्ही हसलो, पण मला ते फिरणं बघवत नव्हतं.

जायच्या दिवशी बिल्डिंगनं ठरवलं, की या वेळी ओमियागे आपण द्यायचं. काका लातूरच्या नव्या शेजाऱ्यांच्या दारात मोकळ्या हातानं कसे जातील? त्यांचं नाक राहायला हवं. खैतानची खासियत काय यावर खूप वाद झाला. अबू हसनच्या मते खैतानची खासियत म्हणजे पार्किंगवरून भांडणं. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीतला मामूल ठरला, खजूर भरलेलं खुसखुशीत बिस्किट. अन्नम्मानं आणि मी ती एकेक कागदात बांधली. आमचे कोपरे काही काकांसारखे झाले नाहीत.

काका खाली बॅगा घेऊन उभे होते. मी खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं, त्यांच्या त्या जपानी पोरीसारखी कमरेत वाकले आणि थट्टेनं विचारलं, "घरी पोचायला किती वेळ लागेल?"

काकांनी हौसेनं हिशेब सुरू केला. "आता हैदराबादपतोर विमान. तिथून गाडीनं जहिराबाद, मग उदगीरवरनं..." आणि ते थांबले. खोक्याकडे बघत राहिले.

"ती पोरगी इचारायची ना," ते हळूच म्हणाले, "तवा मला उत्तर ठावं असायचं ओ. तितक्या वेळानं सुलभा दारात असायची. तिला जपानी एक अक्षर येत नव्हतं, पण तिकडं घरी आलेल्या माणसाला 'आलात का' म्हणायची रीत हाय, तशी ती आपल्या बोलीत म्हणायची, 'आलाव का?' हितंबी म्हणायची. ती गेल्यावर अहमदीवरनं यायचो, कुलूप उघडायचो, आन कुणीच काय बोलायचं न्हाई. एकदा फाहाहीलला गेलतो. सवयीनं तिच्यासाठी मासा घेतला. घेतल्यावर ध्यानात आलं. मग तसाच अन्नम्माच्या दारात उभा राहिलो. ती म्हणली, 'अरे, आ गया अंकल?' "

अन्नम्माला मराठी कळत नाही, पण आपलं वाक्य तिला ओळखू आलं. ती डोळे पुसत आत निघून गेली.

म्हणजे नट आणि काकड्या हे सगळं निमित्त होतं. हा माणूस इतकी वर्षं आमच्या दारांत केवळ दोन शब्द ऐकायला उभा राहत होता, आणि मी त्याला चहा विचारत होते. मला फार भरून आलं. गाडी आली. काकांनी खोकं मांडीवर घेतलं, काचेतून हात जोडले आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "येतो."

त्यानंतर वरचं घर रिकामं झालं. तिथे एक लेबनीज जोडपं आलं. फोन केला की काका म्हणायचे, "बरं हाय की." मामूल वाटले का विचारलं तर म्हणायचे, "वाटले की. लोकं चांगले हायेत." आणि विषय संपायचा.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दारात एक अनोळखी तरुण आला. राहुल नावाचा, लातूरचाच, इथे सालमियात अकाउंटंट आहे. सुट्टीवरून परतून विमानतळावरून थेट इकडेच आला होता आणि कुणाच्या तरी ओळखीनं काकांनी त्याला गाठलं होतं. त्यानं पिशवीतून एक खोकं काढलं. आत कुंथलगिरीचे पेढे, एकेक स्वतंत्र कागदात, कोपरे कडक दुमडलेले. प्रत्येक घराला एक. अबू हसनला एक. वरच्या लेबनीज जोडप्यालाही एक, ज्यांना काकांनी कधी पाहिलेलं नाही. कडेनं बर्फाच्या पिशव्या लावलेल्या, अजून गार.

"काकू, एक विचारू का?" राहुल म्हणाला. काकू म्हणजे मी. "हे काका जरा... म्हणजे मला काही कळलं नाही. खोकं बांधताना ते मला विचारत होते, घरी पोचायला किती वेळ लागंल? मी म्हटलं, सालमियात माझ्या रूमवर पोचायला रात्र होईल. तर म्हणाले, 'तुमच्या न्हाई ओ. आमच्या घरी. खैतानला.' "

मी तिथल्या तिथे फोन लावला. काकांनी उचलला, पण नेहमीसारखं "बरं हाय की" म्हणाले नाहीत. नुसते थांबून राहिले, दारात उभे राहायचे तसे.

"आलाव का, काका?" मी म्हटलं.

"आलो की ओ," काका म्हणाले.