दाबून बसवलेलं लग्न

शेजारच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमध्ये काही केल्या मावेनात. मोठा पेनड्राइव्ह विकत आणायचा, हा सरळ उपाय होता. पण टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापून आतून पुसून घेणाऱ्या फोटोग्राफर काकांना असले उपाय सुचत नसत.

"झिप करतो," त्यांनी जाहीर केलं. "दाबून बसवलं की सगळं मावतं."

"करा, पण लवकर," काकू म्हणाल्या. "पोरीची गाडी सहाची आहे. आजी गावाला अंथरुणाला खिळलीय. लग्न बघायला मिळालं नाही बिचारीला. फोटो घेऊनच येते, असं कबूल केलंय तिनं."

कॉम्प्युटरने विचारलं, काम झटपट हवं की फाईल लहान हवी?

"झटपट करा आणि मोकळे व्हा."

"झटपट म्हणजे ढिलं काम! फाईल फुगते. मी सगळ्यात लहान करणार."

त्यांनी शेवटचा पर्याय निवडला. कॉम्प्युटर म्हणाला, एक तास. काका चहा पिऊन आले, तर तो म्हणाला, अडीच तास. आता फ्यूज उडाला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून घरात इस्त्री बंद, मिक्सर बंद, टीव्हीसुद्धा बंद.

"श्वास घेतलेला चालेल ना?" काकूंनी विचारलं.

"हळू घे."

पाच वाजून गेले आणि नवरी दारात हजर. खांद्याला बॅग, खाली टॅक्सीत नवरा.

"काका, झालं?"

"हे काय, होतच आलं. शहाण्णव टक्के!"

ते शहाण्णव मघापासून शहाण्णवच होते. खाली हॉर्न वाजला. पोरीचा चेहरा पार उतरला. "आजी डोळे लावून बसलीय हो. तिला काय सांगू आता?"

"अहो, बंद करा ते मेलं!" काकू कडाडल्या.

"आता? इतकं दाबून झाल्यावर?"

पण पोरीच्या डोळ्यांत काकांना पाणी दिसलं. त्यांनी स्वतःच्या हाताने 'रद्द करा' दाबलं. "तुझ्या फोनमध्ये जागा आहे का गं थोडी?"

"थोडी? भरपूर आहे! नवाच घेतलाय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

केबल जोडली. खाली टॅक्सीचा हॉर्न पुन्हा वाजेपर्यंत अख्खं लग्न फोनमध्ये शिरलं आणि नवरी जिना उतरून पळाली.

काकांना मात्र चैन पडेना. प्रश्न तत्त्वाचा होता. त्यांनी तेच काम पहिल्यापासून पुन्हा लावलं आणि या खेपेला ते शंभर टक्के पुरं झालं. काकांनी स्क्रीनवरचा फाईलचा आकडा दोनदा वाचला.

"काय हो, किती जागा वाचली?"

"फोटो म्हणे मुळातच दाबलेले असतात," काका पुटपुटले.

"ते नाही विचारलं मी. वाचली किती?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "थोडी जास्तच लागतेय."